बाग विकू, की थांबू?

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असा मजकूर काढून, थोडं आटोपशीर करून देते.

"माझं वय ६७. नातू साडेसहा वर्षांचा. चालायला उशिरा लागला, पळताना पडायचा. जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकत टेकत उठतो. पोटऱ्या मात्र पैलवानासारख्या, आम्ही कौतुकच करायचो. पहिल्यांदा रक्त तपासलं तेव्हा लिव्हरचे आकडे वाढलेले निघाले, वर्षभर लिव्हरचंच औषध चाललं. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सीपीके करायला सांगितलं, ते १८,००० आलं. मग जनुकाची तपासणी झाली. रिपोर्टात लिहिलंय, ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, एक्झॉन ४८ ते ५० डिलीशन. डॉक्टरांनी स्टिरॉइड सांगितलं, पण नाव ऐकूनच भीती वाटते, म्हणून चालू केलं नाही. एका सेंटरवाल्यांनी स्टेमसेलची तीन इंजेक्शनं साडेनऊ लाखांत सांगितली आहेत. भाचा म्हणतो, अमेरिकेत जीनचं औषध निघालंय, एकदाच घ्यायचं. तीन एकरांतली एक एकर बाग विकायची माझी तयारी आहे. सूनबाईचा एक मामा लहानपणी असाच पांगळा होऊन गेला, त्यामुळे घरात सगळे म्हणतात दोष तिच्या माहेरचा. त्र्यंबकला नारायण नागबळीही करून आलो. मार्गदर्शन करावं. ता. क. सूनबाईला दिवस गेले आहेत, दुसरा महिना संपत आला."

अण्णा, नमस्कार.

तुम्ही ता. क. म्हणून जी एक ओळ लिहिलीत, तिथूनच सुरुवात करते. बाकीचं सगळं महिनाभर थांबलं तरी चालेल, ते थांबणार नाही.

या आजाराचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाईकडे दोन एक्स, त्यामुळे एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो. मुलाकडे एकच. आई वाहक असेल तर होणाऱ्या प्रत्येक मुलाला हा आजार असण्याची शक्यता निम्मी, आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यताही निम्मी. सूनबाईंच्या मामाचा आजार हाच असेल, तर त्या वाहक आहेत हे जवळजवळ नक्की समजा. गर्भाची तपासणी ११ ते १३ आठवड्यांत वारेचा अगदी छोटा कण घेऊन होते, ती वेळ टळली तर पुढे गर्भजल काढून. तुमच्या नातवाचा रिपोर्ट हातात आहे ही मोठी जमेची बाजू, कारण प्रयोगशाळेला नेमकं कुठे बघायचं ते ठाऊक आहे. लिंगनिदान बंदीच्या कायद्याला घाबरू नका. लिंगाशी जोडलेल्या जनुकीय आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात गर्भाची तपासणी करायला तोच कायदा परवानगी देतो.

तपासणी करायची की नाही, आणि जे येईल त्याचं काय करायचं, हे सूनबाई आणि तुमचा मुलगा ठरवतील. तुमचं काम त्यांना वेळेत जनुकतज्ज्ञांपर्यंत पोचवण्याचं. तिथून पुढे तुम्ही बाहेरच्या बाकावर बसायचं.

आता 'माहेरचा दोष'. नारायण नागबळीबद्दल मी काही बोलत नाही, तुम्हाला बरं वाटलं असेल तर केलीत ते केलीत. पण त्या तीन दिवसांत सूनबाईंना येताजाता काय काय ऐकावं लागलं असेल, याचा अंदाज मला आहे. अशी घरं मी पाहिली आहेत. या आजाराच्या साधारण एक तृतीयांश मुलांत बिघाड नव्यानेच झालेला असतो, आई वाहक नसतेच. आणि असली तरी तिने काय केलं? ज्या एक्सवर हा बिघाड आहे त्याच्याबरोबर तिला आईचे डोळेही मिळाले असतील आणि हातची चवही. तुमच्या बाजूने कोणकोणते बिघाड नातवात उतरले असतील ते कोणी मोजलेलं नाही, इतकंच. उलट सूनबाईंचीही इकोची तपासणी करून घ्या. वाहक बायकांचं हृदय काही वेळा अशक्त होतं आणि घरात सगळ्यांचं लक्ष मुलाकडे असल्यामुळे ते उशिरा कळतं.

आधी सांगते, मी डॉक्टर नव्हे. नोकरीची बरीच वर्षं प्रयोगशाळेत स्नायूंच्या पेशी वाढवण्यात आणि आजारी उंदरांच्या स्नायूंचे काप बघण्यात गेली. औषधाचा डोस तुमचे डॉक्टर ठरवतील. हा आजार नेमका काय आहे आणि स्टेमसेलच्या त्या साडेनऊ लाखांत काय मिळतं, एवढं मात्र मी नीट सांगू शकते.

तुमच्याच बागेतलं उदाहरण घेऊ. मांडवाच्या तारा ताणलेल्या, अँगल पक्के, वेल जागोजागी बांधलेली. माल भरला आणि वारा सुटला तरी भार तारेवर जातो, वेल फाटत नाही. स्नायूच्या पेशीत हे बांधायचं काम डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन करतं. पेशीच्या आतला सांगाडा आणि पेशीचं आवरण यांना ते जोडून ठेवतं. तुमच्या नातवाकडे हे प्रथिन तयारच होत नाही. त्यामुळे प्रत्येक पावलाला, विशेषतः जिना उतरताना, आवरणाला बारीक चिरा पडतात. पेशीतला माल रक्तात सांडतो. सीपीके म्हणजे तोच सांडलेला माल. एरवी तो दोनशेच्या आसपास किंवा खालीच असतो, नातवाचा १८,००० आहे. लिव्हरचे म्हणून जे आकडे वाढले होते, एसजीओटी आणि एसजीपीटी, तेही स्नायूतून सांडतात. लिव्हर ठणठणीत असणार. वर्ष गेलं त्याची हळहळ आहेच, पण हा घोळ फार घरांत होतो. आणि पैलवानी पोटऱ्यांत ताकद नाही, तिथे स्नायूच्या जागी चरबी आणि तंतू भरत चाललेत.

फाटलेला स्नायू दुरुस्त होतो का? होतो, आणि गंमत अशी की तुम्हाला ते कोणत्याही विद्यार्थ्यापेक्षा लवकर कळेल. काडीवर जसे सुप्त डोळे असतात, तशा स्नायूच्या धाग्याला चिकटून काही झोपलेल्या पेशी असतात. अलेक्झांडर माउरो यांनी १९६१ साली त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, त्यांना सॅटेलाइट पेशी म्हणतात. धागा फाटला की त्या जाग्या होतात, फुटतात, नवा धागा भरून काढतात. निरोगी स्नायूचा काप पाहिला तर पेशींची केंद्रकं कडेला, कुंपणाच्या खुंटांसारखी दिसतात. आजारी उंदराच्या कापात ती धाग्याच्या मधोमध येऊन बसलेली असतात. इथे नुकतीच दुरुस्ती झाली, याची ती खूण. मी असे हजारो काप पाहिले असतील. उंदीर सतत दुरुस्ती करत राहतो, जवळजवळ पुरतं आयुष्य जगतो. मुलाच्या स्नायूला ते झेपत नाही. दर महिन्याला खरड छाटणी केली तर वेल किती दिवस फुटेल? उंदरावर चाललेलं औषध मुलांवर फसतं, त्याचं एक कारण हेही आहे.

आता त्या सेंटरकडे येऊ. ते बहुधा मुलाच्याच मज्जेतून किंवा चरबीतून पेशी काढतील, थोड्या वाढवतील आणि परत टोचतील. अण्णा, ज्या वेलीला रोग आहे तिचीच काडी कापून तिलाच कलम केलीत तर रोग जाईल का? त्या पेशींच्या जनुकातही तेच ४८ ते ५० गायब आहेत. दुसऱ्याच्या पेशी टोचून तरी जमेल का, हेही करून झालंय. १९९०च्या सुमारास अमेरिका आणि कॅनडात निरोगी वडील-भावांच्या स्नायूपेशी या मुलांना टोचल्या. बहुतेक पेशी काही दिवसांतच मेल्या. ज्या उरल्या त्या सुईच्या जागेपासून फार लांब गेल्या नाहीत. शरीरात स्नायू सहाशेच्या वर. श्वासपटल त्यातच आलं, हृदय वेगळंच.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही आजारांत मज्जारोपण सोडलं तर बाकी आजारांत स्टेमसेल फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. तेव्हा त्यांना फोन करून दोनच प्रश्न विचारा. चाचणीचा सीटीआरआय, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतला, क्रमांक काय? आणि चाचणी असेल तर साडेनऊ लाख कशाचे? उत्तरात दुसऱ्या मुलांचे व्हिडिओ यायला लागले तर फोन ठेवा. सहा-सात वर्षांची ही मुलं वाढीच्या जोरावर आपोआपच काही महिने बरी चालतात, व्हिडिओ त्याच दिवसांतले असतात.

इथे एक गोष्ट कबूल करते. १९९०च्या दशकात मी नुकती कामाला लागले होते. डिस्ट्रोफिनचं जनुक लुई कंकेल यांच्या गटाने १९८६ साली शोधलं होतं, १९८७ला प्रथिन सापडलं होतं, आणि आम्हा सगळ्यांना वाटत होतं की आता काय, झालंच. लॅब पाहायला एक वडील आले होते, मुलगा आठ-नऊ वर्षांचा. मी त्यांना सांगितलं, "पाच वर्षांत औषध येईल, काका." त्यांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. पेनने, तारखेसकट. सहा वर्षांनी त्यांचं पत्र आलं, मुलगा व्हीलचेअरवर आहे, औषध कुठवर आलं? त्यात तक्रारीचा एक शब्द नव्हता. तेव्हापासून 'पाच वर्षांत' हे शब्द मी वापरत नाही. तुमच्याकडे कोणी वापरले तर त्याच्या हाती बागेचा सातबारा देऊ नका.

तरीही नातवाच्या रिपोर्टमध्ये एक बरी गोष्ट आहे. ती सांगायला मला थोडं गणित करावं लागेल.

जनुकातला मजकूर तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत वाचला जातो. समजा वाक्य आहे, 'कमळ बदक नयन मगर पवन'. यातला एक 'ब' गळाला आणि वाचणारा तीन-तीनच वाचत राहिला तर होतं, 'कमळ दकन यनम गरप वन'. एका अक्षराने पुढचं सगळं निरर्थक. पण अख्खं 'बदक' गळालं तर उरतं 'कमळ नयन मगर पवन'. बदक गेलं, बाकी शाबूत. डिस्ट्रोफिनचं जनुक ७९ तुकड्यांत आहे, तेच एक्झॉन. नातवाचा ४८वा १८६ अक्षरांचा, ४९वा १०२ आणि ५०वा १०९. बेरीज ३९७. तिनाने भागा, एक उरतो. तोच तो गळालेला 'ब'. आता ५१वा एक्झॉन २३३ अक्षरांचा आहे. पेशीने वाचताना तोही गाळला तर ६३० गेली, म्हणजे बरोबर २१० शब्द. डिस्ट्रोफिनच्या ३,६८५ शब्दांतले २१० गेले तरी पुढचं वाक्य पुन्हा जुळतं. प्रथिन आखूड, पण कामाचं. ज्यांच्यात निसर्गतःच असं जुळलेलं असतं त्यांना बेकर नावाचा सौम्य आजार होतो. १९९० साली अशाच एका कुटुंबाचा अभ्यास छापून आला. त्यातल्या माणसाचं जवळजवळ निम्मं, ४६ टक्के, जनुक गळालेलं होतं आणि तो ६१व्या वर्षी चालत होता.

पेशीला ५१वा एक्झॉन गाळायला लावणारं औषध आहे, एटेप्लिर्सेन. अमेरिकेने २०१६ साली ते मंजूर केलं, अशा सुमारे १३ टक्के मुलांना ते लागू पडतं, त्यात तुमचा नातू बसतो. एवढं वाचून तुम्ही खुर्चीत सावरून बसला असाल, म्हणून पुढचंही सांगते. दर आठवड्याला शिरेतून, आयुष्यभर, खर्च वर्षाला कोटींत. आणि त्याने तयार होणारं डिस्ट्रोफिन चाचण्यांत नेहमीच्या एक टक्क्याच्याही आत होतं. युरोपच्या औषध संस्थेने २०१८ साली ते नाकारलं. माझं मत विचाराल तर कल्पना खरी आहे, औषध दुबळं आहे. हेच औषध स्नायूत जास्त पोचावं म्हणून नव्या रचनांवर काम चाललंय, आणि मला त्यातूनच जास्त आशा वाटते.

भाचा म्हणतो ते एलेव्हिडिस. २०२३ साली अमेरिकेत मंजुरी, किंमत ३२ लाख डॉलर, म्हणजे पंचवीस कोटींच्या वर. तुमची तीनही एकर विकली तरी त्याच्या सलाइनच्या स्टँडएवढे पैसे होतील. एका निरुपद्रवी विषाणूतून जनुक स्नायूत पोचवायचं, अशी ती युक्ती. पण जनुकातला कामाचा मजकूरच अकरा हजार अक्षरांचा, आणि विषाणूच्या पोटात मावतात पाच हजारांहून कमी. म्हणून त्या ६१ वर्षांच्या माणसाकडे बघून जनुकाची छोटी आवृत्ती बनवली. मोठ्या चाचणीत मुलांच्या हालचालीत जो मुख्य फरक दिसायला हवा होता तो पुरेसा दिसला नाही. २०२५ साली चालणं बंद झालेल्या दोन मुलांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला, त्यानंतर वापरावर बंधनं आली. शिवाय हे एकदाच देता येतं, कारण शरीर त्या विषाणूला ओळखून ठेवतं. पुढे याहून चांगला विषाणू आला तरी त्या मुलासाठी दार बहुधा बंद. भाच्याचं चुकलेलं नाही, त्याने बातमीचा मथळा वाचला.

आता ज्याची तुम्हाला भीती वाटते ते स्टिरॉइड. अण्णा, तुमच्या अख्ख्या पत्रात सगळ्यात जास्त पुरावा असलेलं औषध हेच आहे, आणि तेच तुम्ही कपाटात ठेवलंय! डेफ्लाझाकॉर्ट किंवा प्रेडनिसोलोन, दोन्ही आपल्या मेडिकलमध्ये मिळतात, खर्च हजारांत. मुलं दोन-तीन वर्षं जास्त चालतात, पाठीचा कणा कमी वाकतो, श्वास जास्त टिकतो. त्रासही आहेत. भूक वाढते, चेहरा गोल होतो, उंची खुंटते, हाडं ठिसूळ होतात, चिडचिड वाढते. म्हणून मीठ-साखर आवरायची, ड जीवनसत्त्व तपासायचं, वर्षाला डोळे बघायचे. सुरू करण्याआधी कांजिण्यांची लस झाली आहे का ते डॉक्टरांना विचारा. आणि एकदा सुरू केल्यावर घरातल्या कोणीही स्वतःच्या मनाने अचानक बंद करायचं नाही. त्याने जिवावर बेतू शकतं.

हृदयाची इको दर वर्षी, त्रास असो वा नसो. फुंकून फुप्फुसांची ताकद मोजायची तपासणीही तशीच. जिने, उड्या, ट्रॅम्पोलिन नको, पोहणं चालेल. झोपायची खोली माडीवर असेल तर खाली आणा. दात काढायचा असो की हाड बसवायचं, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजाराचं नाव आधी सांगायचं. भुलेची काही औषधं, सक्सिनिलकोलीन आणि हुंगायचे वायू, या मुलांना घातक ठरतात. ते एका कार्डावर लिहून सूनबाईंच्या पर्समध्ये ठेवा.

रोज घोट्याला ताण द्यायचा. हे मी खास तुमच्यासाठी ठेवलंय. पोरगं उताणं झोपवायचं, गुडघा सरळ. त्याची टाच तुमच्या तळहातात धरायची आणि स्वतःच्या मनगटाकडच्या भागाने त्याचं पाऊल हळूहळू वर, नडगीकडे रेटायचं. पोटरी ताणल्याचं त्याला जाणवेल, दुखता कामा नये. तिथेच वीस-तीस सेकंद धरून ठेवायचं, सोडायचं, पुन्हा. थंडीत आधी कोमट पाण्याने शेकून घ्या, निफाडचा डिसेंबर मला माहीत आहे. फिजिओथेरपिस्टकडून एकदा हात बसवून घ्या आणि रात्री पायात घालायच्या पट्ट्यांचंही त्यांनाच विचारा. ही टाच आखडली की मूल चवड्यांवर चालतं आणि ताकद असूनही पडतं. पन्नास वर्षं काडी न मोडता वाकवणाऱ्या हातांना यात शिकण्यासारखं फार नाही.

पैशांचं. मस्क्युलर डिस्ट्रॉफी २०१६च्या दिव्यांग कायद्यात नावानिशी आहे. नाशिकच्या सिव्हिलमधून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचं, कार्ड काढा, एसटीच्या सवलतीपासून शाळेत तळमजल्यावर वर्ग मागण्यापर्यंत ते लागतं. केंद्राच्या २०२१च्या दुर्मीळ आजार धोरणात ड्यूशेन आहे. मदत एका रुग्णामागे ५० लाखांपर्यंत आणि ती ठरवून दिलेल्या केंद्रांतूनच, मुंबईत केईएम. पंचवीस कोटींपुढे ते काहीच नाही, हे दिसतंच आहे. पण तिथे नाव नोंदवलेलं असलं तर उद्या देशात चाचणी सुरू झाल्यावर डॉक्टरांना तुम्हाला शोधत बसावं लागणार नाही. चाचण्यांत बहुधा चालती मुलं घेतात, जनुकाचा रिपोर्ट तयार असलेली, ठरावीक स्टिरॉइडवर असलेली. म्हणजे कपाटातल्या त्या गोळ्यांचं इथेही काम आहे.

पूर्वी ही मुलं विशीच्या आसपास जात. आता स्टिरॉइड, हृदयाची औषधं आणि श्वासाला यंत्राची मदत यांमुळे बरीच मुलं तिशीपर्यंत आणि काही पुढेही जातात, शिकतात, संगणकावर नोकऱ्या करतात. तेव्हा बाग विकू नका. पुढे चाकाची खुर्ची लागेल, घराला उतार करावा लागेल, कदाचित नाशिकला बिऱ्हाड करावं लागेल. ती एकर तेव्हा लागेल.

तुमच्या पत्रावर नऊ दिवसांपूर्वीची तारीख आहे. म्हणजे सूनबाईंना आज नववा-दहावा आठवडा असेल. केईएमच्या जनुकशास्त्र विभागात ओपीडीचा वार फोनवर विचारून घ्या आणि सकाळच्या पंचवटीची दादरपर्यंतची दोन तिकिटं काढा, त्या दोघांची. सोबत नातवाचा मूळ रिपोर्ट द्या, मोबाइलवरचा फोटो नको. तुम्ही घरीच राहा. संध्याकाळी पोराच्या पायाला ताण द्यायला कोणीतरी लागेल.